रडवेला आवाज

गणपती मास्तर गेले तेव्हा त्यांची थोरली लेक संघप्रिया रडली नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुरगूडच्या घरापुढं माणसं जमली होती. संघप्रिया फोनवर एकेकाला कळवत होती, पुण्याहून निघालेला भाऊ कुठवर आलाय ते विचारत होती, भंतेजींच्या गाडीला कुठल्या चौकातून वळायचं ते सांगत होती, आणि तिचा शब्द न् शब्द घशात आवळून, मध्येच तुटून कसाबसा बाहेर पडत होता. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. चुलती म्हणाली, "लई जीव हुता बापाचा तुझ्यावर. आवाज बघा की पोरीचा, फुटतच न्हाय."

संघप्रियाचा आवाज तेव्हा पाच वर्षांपासून असाच होता. चहात साखर किती घालू हे विचारतानाही तो असाच यायचा. वडिलांच्या पायाचे अंगठे दोऱ्यानं बांधले होते, त्यांकडे ती बघत होती आणि मांडवाला अजून एक पडदा लागेल का, असं तिच्या डोक्यात चाललं होतं. वडील गेलेत हे तिला ठाऊक होतं. पाठ केलेलं कलम ठाऊक असावं तसं ठाऊक होतं. त्याच्या पलीकडे काही नव्हतं.

त्याला आता तीन वर्षं झाली. संघप्रिया एक्केचाळीस वर्षांची आहे. नवरा प्रसेनजीत कुरणे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. दोघं कोल्हापुरात आर. के. नगरला राहतात. ती वकील आहे, पण बरीच वर्षं कोर्टात उभी राहिली नव्हती. कसबा बावड्यातल्या कोर्टाजवळ ॲडव्होकेट बाळासो पोवारांचं ऑफिस आहे, तिथं कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ती प्रतिज्ञापत्रं, करारनामे, नोटिसा लिहून देते. लिहिण्यात तिचा हात धरणारा बावड्यात दुसरा नाही, असं पोवारवकील सगळ्यांना सांगतात.

पूर्वी ती उभी राहायची. गणपती मास्तरांना लेक वकीलच व्हायला हवी होती आणि झालीही होती. सात-आठ वर्षं चांगली प्रॅक्टिस चालली. मग तेहतिसाव्या वर्षी एकदा युक्तिवाद करताना एक शब्द अडकला. घसा खाकरून ती पुढं गेली. पुढच्या आठवड्यात दोन अडकले. वर्षभरात असं झालं, की कुठलंही वाक्य सरळ निघेना. कुणीतरी आतून गळा मुठीत धरावा, सोडावा, पुन्हा धरावा, तसा आवाज येऊ लागला. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई हुंदका दाबून बोलतेय. एका न्यायाधीशांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, मॅडम, भावनेच्या भरात जाऊ नका, मुद्द्यावर या. ती मुद्द्यावरच होती. मुद्दा सातबाऱ्यावरच्या नोंदीचा होता. त्याच दिवशी पक्षकार व्हरांड्यात पोवारवकिलांना म्हणाला, वकीलच रडाय लागल्यावर आमचं कसं व्हायचं. त्यानंतर तिनं काळा कोट पोवारांच्या कपाटात टांगला तो टांगलाच.

घशाचे तीन डॉक्टर झाले. पहिल्या दोघांनी आत बघून सांगितलं, घसा स्वच्छ आहे, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. तिसऱ्यानं विचारलं, घरी काही दुःखाचं घडलंय का. संघप्रियाच्या आधी प्रसेनजीत बोलला. आवाज बिघडायच्या आदल्या वर्षी तिचं बाळंतपण झालं होतं. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि मनाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी. गोळीनं आवाज सुधारला नाही, पण बाकी सगळं एका पातळीवर आलं. ते गोळीमुळं की आधीपासूनच तसं होतं, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

प्रसेनजीत भला माणूस. त्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. शेजारपाजारची बारशाची आमंत्रणं तो परस्पर स्वीकारायचा आणि एकटाच जाऊन यायचा. शिरोळला त्याची आई यल्लव्वा, तिला त्यानं बजावून ठेवलं होतं, की प्रियाच्या पुढं मुलाबाळांचा विषय काढायचा नाही. सुरुवातीला संघप्रियानं त्याला दोनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. आत मला काही होत नाही, नुसता घसा अडकतो, एवढंच तिला सांगायचं होतं. पण मी रडत नाही असं ती ज्या आवाजात म्हणायची तो आवाजच रडत असायचा. प्रसेनजीत तिला जवळ घ्यायचा आणि म्हणायचा, राहू दे, नको बोलूस. पुढं तिनं तो नाद सोडला. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहायची.

यंदा जानेवारीत अनुजा नावाची एक तिशीतली बाई लग्नानंतरच्या नावबदलाचं प्रतिज्ञापत्र करायला आली. संघप्रियानं तिला जुनं नाव, नवं नाव, आधारवरचा पत्ता विचारला. अनुजा उत्तरं देत होती, पण तिची नजर संघप्रियाच्या गळ्यावर होती. लोक गळ्याकडं बघत नसत, डोळ्यांकडं बघत आणि मग नजर वळवत. प्रत छापून झाल्यावर अनुजा म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही हसता तेव्हाही आवाज असाच अडकतो का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. संघप्रियानं आठवायचा प्रयत्न केला. आपण शेवटचं कधी हसलो तेच तिला आठवेना.

अनुजानं आणखी दोन गोष्टी विचारल्या. कुजबुजताना अडकतो का, आणि गाणं गुणगुणताना अडकतो का. मग तिनं स्वतःचं काम सांगितलं. ती वाचोपचारतज्ज्ञ होती. एका हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात बसायची आणि सोबत पीएच.डी. करत होती. आवाजाचे आजार ओळखायच्या ज्या चाचण्या आहेत, त्यांतली वाक्यं बहुतेक इंग्रजीवरून घेतलेली. ती मराठी माणसाकडून वदवून घेतली तर भलतेच निष्कर्ष निघतात. म्हणून ती मराठी वाक्यं नव्यानं बांधत होती आणि ती पारखायला तिला आवाज हवे होते, चांगलेही आणि बिघडलेलेही. तिनं आपला नंबर प्रतिज्ञापत्राच्या खराब प्रतीवर लिहून ठेवला. संघप्रियानं सही-शिक्का उरकला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तीन आठवड्यांनी कोर्टाला सुट्टी होती आणि प्रसेनजीत धरणाच्या कामावर गेला होता. करायला काही नव्हतं म्हणून ती अनुजाच्या हॉस्पिटलला गेली.

खोली लहानशी होती. भिंतींना काळा स्पंज लावलेला, मध्ये एक खुर्ची. दार लावल्यावर बाहेरचं सगळं बंद झालं आणि संघप्रियाला आपल्याच कानातला आवाज ऐकू यायला लागला. अनुजानं तिच्या डोक्यावर पट्टी बसवली, तिची दांडी गालाजवळ आणून बारीक माइक ओठांपासून चार बोटांवर ठेवला आणि काचेपलीकडं जाऊन बसली.

आधी मोठा श्वास घेऊन जमेल तितका वेळ आ म्हणायचा होता. तो नऊ सेकंदांत पाच ठिकाणी तुटला. मग वाक्यं आली. पहिलं होतं, माझ्या मामानं दोन गाई आणल्या. संघप्रियानं ते म्हटलं. मामाच्या मा-वर गळा आवळला, गाईवर पार मिटला, आणल्या कसंबसं सुटलं. दुसरं होतं, काकी पाटीत पीठ टाकते. ते तिनं म्हटलं आणि ती थांबली. वाक्य जवळजवळ सरळ गेलं होतं.

अनुजानं पुन्हा म्हणायला लावलं. गाई पुन्हा अडकल्या, पीठ पुन्हा सुटलं. मग तिनं नव्वदपासून शंभरपर्यंत आकडे म्हणवून घेतले, खोकायला लावलं, कुजबुजायला लावलं. कुजबुजताना मामाच्या गाईसुद्धा एका दमात घरी आल्या. शेवटी तिनं हसायला सांगितलं. खरं नसलं तरी चालेल, नुसतं तोंडानं. संघप्रियानं हा हा हा केलं. तो आवाज इतका स्वच्छ निघाला, की खोलीत तिसरं कुणी आहे काय असं वाटून तिनं मागं वळून बघितलं.

बाहेर आल्यावर अनुजानं सांगितलं, की ग, म, द, ल असल्या अक्षरांना घशातल्या पट्ट्या थरथराव्या लागतात आणि क, ट, प ला तेवढ्यापुरती विश्रांती मिळते. दुःख असतं तर ते अक्षर बघून आलं नसतं. ती हे सांगताना उत्साहात होती. संघप्रियानं ऐकून घेतलं.

मग तीस वाक्यांचा एक फॉर्म भरायचा होता. माझ्या आवाजामुळे मी लोकांना टाळते. माझ्या आवाजाची मला लाज वाटते. माझा आवाज मला अस्वस्थ करतो. प्रत्येकासमोर शून्य ते चार. कामाबद्दलच्या सगळ्या वाक्यांना तिनं चार दिले आणि वाटण्याबद्दलच्या सगळ्यांना शून्य. अनुजानं कागद दोनदा बघितला. प्रश्न नीट वाचले ना, असं तिनं जपून विचारलं. नीट वाचले, संघप्रिया म्हणाली.

दुपारी डॉक्टर विजयसिंह आले. त्यांनी नाकात बधिर करायचा फवारा मारला आणि बारीक नळी आत सरकवली. समोरच्या पडद्यावर तिचा घसा दिसला. दोन पांढऱ्या पट्ट्या. ती बोलली, की त्या एकमेकींवर दाणकन मिटायच्या, थरथरायच्या, अचानक सुटायच्या. डॉक्टर म्हणाले, "ह्याला स्पास्मोडिक डिस्फोनिया म्हणतात. पट्ट्या चांगल्या आहेत, मेंदूकडून त्यांना जाणारा हुकूम चुकतोय. हा मनाचा आजार नाही. कायमचा बरा होत नाही, पण इंजेक्शननं तीन-चार महिने आवाज सुधारतो. मग परत घ्यायचं."

"बरं," संघप्रिया म्हणाली.

डॉक्टरांनी थोडा वेळ वाट बघितली. इतक्या वर्षांनी आजाराचं नाव कळलं, की माणसं काहीतरी बोलतात, बहुधा रडतात. संघप्रियानं विचारलं, की ह्या फवाऱ्याचा बधिरपणा किती वेळ राहतो. अर्धा तास, ते म्हणाले. ती रिक्षानं घरी आली, कुकर लावला आणि वाट बघत बसली. अर्ध्या तासानं नाक मोकळं झालं. बाकी काही बदललं नाही.

प्रसेनजीतला तिनं दुसऱ्या दिवशी रिपोर्ट वाचायला दिला. बोलून सांगण्यात अर्थ नव्हता. त्यानं तो उभ्यानं वाचला, बसून पुन्हा वाचला. मग तो तिच्याबरोबर हॉस्पिटलला आला आणि त्यानं अनुजाला सरळ विचारलं, की सुरुवात तर दुःखातूनच झाली असेल की नाही. अनुजा खोटं बोलणारी नव्हती. काही जणांना मोठ्या ताणानंतर हा आजार सुरू झाल्याच्या नोंदी आहेत, ती म्हणाली, पण दुःखानं हा आजार होतो असं म्हणायला पुरावा नाही. नक्की कशानं होतो ते अजून कुणालाच माहीत नाही. प्रसेनजीतनं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं. परत येताना तो गाडीत दोनदा म्हणाला, "बघ, ताणानंतर सुरू होतो म्हणाली."

इंजेक्शनच्या आधी अनुजानं तिला एक कागद दाखवला. संशोधनासाठी सगळ्यांचे आवाज नाव काढून, नुसते नंबर घालून तीन तज्ज्ञांना ऐकवले होते. त्यांनी घोगरेपणा, आवाजातून गळणारी हवा, ताण यांना गुण द्यायचे होते. संघप्रियाच्या नंबरापुढं दोघांनी ताणाला तीनपैकी तीन दिले होते. तिसऱ्यानं रकाना मोकळा सोडून समासात लिहिलं होतं, रुग्ण रडत असल्यामुळे मूल्यमापन करता आले नाही. अनुजाला वाटलं होतं, हे बघून ती हसेल. संघप्रियानं ते शांतपणे वाचलं आणि एक प्रत मागून घेतली. कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. कागद फाइलला लावायची सवय होती.

सुई बाहेरून, गळ्याच्या मध्यातून आत गेली. सुईला जोडलेलं यंत्र खरखर करत होतं आणि ती आ म्हणाली, की ती खरखर वाढायची. डॉक्टरांनी त्या आवाजावरून जागा हेरली आणि औषध सोडलं. पाच मिनिटांचं काम. पहिले पंधरा दिवस आवाज अगदी हवेसारखा होईल, पाणी पिताना ठसका लागेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. प्रसेनजीतनं सुट्टी काढली. तो साबुदाण्याची घट्ट खीर करायचा, केळं कुस्करून द्यायचा, पाणी चमच्यानं पाजायचा.

सोळाव्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. कोण आहे, तिनं आतूनच विचारलं. दूधवाल्यानं उत्तर दिलं, तिनं पातेलं पुढं केलं, दार लावलं आणि मग तिच्या लक्षात आलं. ती स्वयंपाकघरात उभी राहून हळू बोलली, माझ्या मामानं दोन गाई आणल्या. एका दमात. आवाज थोडा पातळ होता, पण तिचा होता. वयाच्या तिसाव्या वर्षी जो होता तोच. तिनं दूध तापत ठेवलं.

मुरगूडला आईला फोन केला तर आई ओळखीना. कोण पावणं बोलताय म्हणाली. पटल्यावर आई फोनवर रडत बसली आणि संघप्रिया ती थांबायची वाट बघत राहिली. अनुजानं पुन्हा सगळी वाक्यं रेकॉर्ड केली. आ एकोणीस सेकंद टिकला, एकदाही तुटला नाही. अनुजाचे डोळे भरून आले. संघप्रियानं तिचे आभार मानले, नीट शब्दांत, जसे कागदावर मानतात तसे. तीस वाक्यांच्या फॉर्मवर कामाचे चार आता एकवर आले होते. वाटण्याचे शून्य शून्यच होते.

मार्चमध्ये पोवारवकिलांनी तिला एका पाणंदीच्या दाव्यात उभं केलं. मुरगूडकडचीच माणसं, शेताकडं जायची वाट शेजाऱ्यानं अडवलेली. तिनं कोट झटकून घातला. तिचा युक्तिवाद अकरा मिनिटं चालला. न्यायाधीशांनी मान वर न करता टिपणं घेतली, समोरच्या वकिलानं नेहमीसारखी तारीख मागितली, ती मिळाली नाही आणि अंतरिम मनाईहुकूम झाला. कुणी पाणी पुढं केलं नाही. कुणी तिच्याकडं बघितलंही नाही. पोवारवकील बाहेर येऊन म्हणाले, "झकास." पूर्वी ह्याच व्हरांड्यात असा दिवस गेला, की तिचे पाय जमिनीवर ठरत नसत. आता तिनं कोट घडी करून हातावर टाकला आणि नकलेचा अर्ज लिहायला बसली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी, दुपारी, प्रसेनजीत शर्टांना इस्त्री करत होता. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तो म्हणाला, "एक विचारू? आता बोलताना त्रास न्हाय तुला."

"विचारा की."

"बाळाच्या वेळी तू कधी मोकळी झाली न्हाईस. मीच बोलू दिलं न्हाय, आवाज ऐकवायचा न्हाय म्हणून. आता सांग. काय झालं हुतं तुझ्या मनात?"

संघप्रियानं विचार केला. त्याच्या मनात काय आहे ते तिला दिसत होतं. चार बरी वाक्यं रचून देणं तिला अवघड नव्हतं, तिचा धंदाच तो. पण खऱ्याच्या खाली सही करायची सवय हाताला लागलेली. ती म्हणाली, "मला काही वाटलं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर भूक लागली होती, ते आठवतं. वाईट वाटेल म्हणून मी वाट बघितली. आज वाटेल, उद्या वाटेल. वाटलंच नाही. बाबा गेले तेव्हाही नाही."

हेच तिनं आठ वर्षांपूर्वीही सांगितलं होतं, थोड्याफार फरकानं हेच शब्द. तेव्हा ते तुकड्यातुकड्यानं आले होते आणि मधल्या फटींत त्याला हुंदके ऐकू आले होते. आज फटी नव्हत्या. वाक्यामागून वाक्य सरळ आलं, तारीख-वार सांगितल्यासारखं.

प्रसेनजीतनं इस्त्रीचं बटण बंद केलं. इस्त्री उभी ठेवली. "म्हणजे मी एकटाच हुतो," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. दवाखान्यात तिला गुंगी होती तेव्हा नर्सनं बाळ त्याच्या हातात दिलं होतं, तीन-चार मिनिटं. त्यानं लेकीला बघितलं होतं. नाव तर त्यानं आधीच ठरवलं होतं. दर वर्षी त्या तारखेला तो ऑफिसला जातो म्हणून निघायचा आणि विहारात जाऊन बसायचा. त्याला वाटायचं, हे ओझं दोघांचं आहे आणि तिच्या वाट्याला जास्त आलंय, तिचा तर आवाजच गेलाय त्यात. मग आपलं कुठं दाखवायचं. म्हणून त्यानं ते कधी बाहेर काढलं नाही. बोलता बोलता तो रडायला लागला.

नऊ वर्षांत तिनं त्याला रडताना बघितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. त्याचा आवाज कुठंही तुटत होता, क वर, प वर, शब्दाच्या आधी, शब्द संपल्यावर. श्वास आत जाताना अडत होता. नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं. हे आणि आपलं लोकांना एकच कसं वाटलं, तिला कळेना. तिनं उठून पाणी आणलं. तिला एवढी वर्षं लोकांनी तेच दिलं होतं, दुसरं काय द्यायचं असतं ते तिला माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "नाव काय ठरवलं होतं?"

"नको," तो म्हणाला. राहिलेले शर्ट तसेच चुरगळलेले पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी तो आईकडं शिरोळला गेला. आठ दिवस राहिला. परत आला तेव्हा तो पहिल्यासारखाच वागत होता, फक्त त्यानं जपायचं सोडलं होतं. दळण आणलंस का, गॅसचा नंबर लावलास का, असं सरळ विचारायचा. एकदा तर भाजी खारट झाली म्हणाला. संघप्रियाला ते बरं वाटलं की नाही सांगता येत नाही, पण त्या दिवशी तिनं दुसरी भाजी केली.

मनाच्या डॉक्टरांनी घशाचा रिपोर्ट बघून गोळी एकदम बंद न करता आधी अर्धी, मग पाव केली. मे महिन्यात एका शिपायानं तिची फाइल चौथ्यांदा गहाळ केली, तेव्हा तिच्या कानशिलाशी काहीतरी गरम झालं. तिला ओळखायला क्षणभर वेळ लागला. तो राग होता. ती त्या माणसाला चांगलं फैलावर घेऊन आली आणि टेबलावर बसल्यावर तिनं डायरीत त्या दिवसाच्या रकान्यात लिहून ठेवलं, राग आला.

पंधराव्या आठवड्यात एक शब्द अडकला. मग दोन. डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. तिनं तारखा जुळवून पोवारवकिलांना पुढची सुनावणी लांबवायला सांगितली आणि हॉस्पिटलला फोन केला. इंजेक्शनच्या दिवशी सकाळी प्रसेनजीत म्हणाला, सोडायला येतो.

दसरा चौकात सिग्नल लागला. समोर बघतच तो म्हणाला, "अनोमा."

"काय?"

"नाव. अनोमा ठरवलं हुतं."

संघप्रियानं ते म्हणायचा प्रयत्न केला. अ वरच गळा मिटला. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. नाव तीन तुकड्यांत बाहेर आलं, मधला तुकडा नुसता ओढल्यासारखा. ऐकणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, की ह्या बाईचं काळीज फाटलंय. प्रसेनजीतनं नाव पूर्ण होईपर्यंत ऐकलं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"नदीचं नाव हाय," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. सिद्धार्थानं ओलांडलेल्या त्या नदीची गोष्ट बाबांनी लहानपणी सांगितली होती. सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला आणि प्रसेनजीतनं गाडी पुढं काढली.

इंजेक्शनच्या आधी अनुजानं रेकॉर्डिंग घेतलं. विद्यार्थ्यांना शिकवताना हा आवाज वापरू का, असं तिनं विचारलं आणि संघप्रियानं संमतिपत्र वाचून, एका ओळीत दुरुस्ती करून सही केली. सुई गेली, औषध सुटलं. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज हवेसारखा झाला, म्हणजे जवळजवळ नाहीसाच.

त्या पंधरवड्यात प्रसेनजीत ऑफिसातून आल्यावर खीर करायचा आणि तिच्यासमोर बसायचा. तिनं एकदा पाटीवर लिहून त्याला विचारलं होतं, त्या तीन-चार मिनिटांत काय काय बघितलं ते सांगा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, केस होते, भरपूर. दुसऱ्या दिवशी म्हणाला, उजव्या हाताची मूठ मिटलेली होती. मग काही दिवस नुसता बसला. मग म्हणाला, नाक तुझं हुतं. तो थांबत थांबत सांगायचा, आठवत आठवत, आणि संघप्रिया चमचा बाजूला ठेवून ऐकायची. तुला काही वाटलं का, हे त्यानं विचारलं नाही, आणि तिलाही बोलायचं नव्हतं. ती ऐकत होती. एवढं संपेपर्यंत आवाज परत आला नाही तरी चालेल, असं तिला एकदा वाटून गेलं.